तांबडी

दुकानात दोन खोक्यांवर सूट होती, म्हणून दोन आणली.
नोव्हेंबरात केमीला दिवस अडीचलाच मिटतो,
तेव्हा न्हाणीत वर्तमानपत्र अंथरून
मी डोकं लाल करून घेतलं.
कारण विचाराल तर नाही.
गिरणी बंद झाली होती, पंचेचाळिशी उलटली होती,
आणि खोक्यावरची बाई हसत होती.

तिचा रंग मधाळ. माझा पेटलेला.
टब घासून निघाला, फरशीच्या फटी नाही.
बर्फात उभी राहिले तर समोरचा ट्रक ब्रेक लावायचा.

मेर्या म्हणाली, "चढवायला अर्धा तास लागला ना,
उतरवायला अर्धं वर्ष धर.
लाल म्हणजे कूळ गं राइली,
निघ म्हटलं की हक्क सांगतं."
मी पुढच्या मंगळवारची वेळ घेतली.

पण मध्ये रविवार होता.
रविवारी मी आईकडे जाते, वृद्धाश्रमात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीखाली काठाकाठाने गोठत चाललेला समुद्र.
"नवीन वाटतं तू?" आई म्हणाली.
सगळं विसरली होती,
फक्त तिची राइली जवाच्या काडासारखी पिवळी, एवढं नाही.
मी उशी झाडली. पाण्याचा ग्लास भरला.
आई, मीच, असं म्हणायचं राहून गेलं.
थकले होते मुलगी असून असून.

"मला एक मुलगी आहे," ती नर्सला सांगू लागली,
"हट्टी. गिरणीत हिशेब लिहिते.
सात वर्षांची होती तेव्हा तिची वेणी कापली मी.
उवा झाल्यात म्हणाले.
उवा नव्हत्या.
तिचा बाप रोज सकाळी वेणी घालायचा तिची,
माझ्याशी चार शब्द नाहीत
आणि तिच्या केसांशी गुणगुणायचा.
कात्री हातातच होती."
मग बराच वेळ उकडलेला बटाटा चमच्याने चेपत बसली.
"निळ्या कॉफीच्या डब्यात आहे. टाकवली नाही."

मंगळवारी मी मेर्याकडे गेले नाही.
भांगात पिवळी रेघ दिसू लागली
तेव्हा दुसरं खोकं उघडलं.
नऊ रविवार मी तांबडी नर्स होते.
मला कळलं, ती माझ्या लग्नात का रडली,
बाप गेला त्या रात्री ती आधी कुणाला फोन करून आली,
आणि मी तिला आवडत होते,
केसभरही दाखवलं नाही तरी.

दहाव्या रविवारी तिने माझं मनगट धरलं.
"माझी मुलगी येतच नाही गं हल्ली.
रस्ते बंद आहेत का?"

डबा तळघरात होता, बटणांखाली.
वेणी हलकी, टोकाला मळकी हिरवी फीत.
मेर्याने ती आरशासमोर ठेवली, काही विचारलं नाही.
फक्त खिडकी किलकिली केली, पावडरीचा वास उग्र होता.
पहिल्या खेपेला शेंदरी,
पंधरवड्याने केशरी, मग अंड्याच्या बलकासारखी,
मग कोंबडीच्या पिलासारखी; बसमधली मुलं हसली.
टोकं तुटली, ती मेर्याने कापली.
मार्चमध्ये तिने वेणी माझ्या कानाशी धरली
आणि म्हणाली, "उजेडात बघ. जवळजवळ."
जवळजवळच. अडतीस वर्षांचा फरक कोण धुऊन काढणार?

आईने मला दारातच ओळखलं.
"उशीर केलास," म्हणाली. "केस कापलेस का?"
थोडेसे, म्हटलं.
तिने हात पुढे केला, केसांपर्यंत पोचला नाही,
कॉलरवरच राहिला. कॉलर नीट केली.

कॉफी आली. समुद्रावर तडा जाण्याचा आवाज येत होता.
"इथे एक तांबडी मुलगी होती," आई म्हणाली,
"चांगली होती. ऐकून घ्यायची. कुठे गेली?"
रोवानिएमीला बदली झाली, मी म्हटलं.
तिने कप खाली ठेवला, दाराकडे पाहिलं,
आणि आवाज अगदी लहान करून म्हणाली,
"भेटली तर सांग तिला,
त्या डब्याचं माझ्या मुलीजवळ बोलू नको."

सांगते, म्हटलं.